आकडा आत घालणारी बोटं

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय हायडेलबर्गकर बाई,



तुझं पत्र मिळालं. नव्या डॅशबोर्डचं वर्णन वाचलं. ती रंगीत वर्तुळं, बोट लावलं की उलगडणारे तक्ते, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण खरी बातमी तू ताज्या कलमात लिहिलीस. गोदामातली माणसं तुमच्या स्क्रीनवर माल जमा करत नाहीत. दिवसभर कागदावर लिहितात आणि संध्याकाळी एकजण बसून सगळं एकदम भरतो. वर मला विचारतेस, "माणसांना बदल नकोच असतो का गं?"

हवा असतो की! इथे भाजीवाल्या मावशींनी कुठल्याही ट्रेनिंगशिवाय यूपीआय उचललं. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा असतो आणि पैसे आल्याचं यंत्रातली बाई ओरडून सांगते. ज्यात आपला फायदा दिसतो तो बदल माणूस पटकन घेतो. तुमच्या स्क्रीनमध्ये त्या गोदामवाल्याचा फायदा कुठे आहे, ते मला तुझ्या पत्रात शोधूनही सापडलं नाही. मालकाचा आहे, हिशेबनिसाचा आहे, तुझ्या साहेबाचा तर आहेच.

सध्या माझा मुक्काम औषधांच्या घाऊक दुकानांत असतो. टिळक रोडच्या आसपासच्या बोळांत ती अजून आहेत. वाडे जाऊन इमारती आल्या, पण तळमजल्यावरची खोकी तशीच. आमची कंपनी या स्टॉकिस्ट मंडळींसाठी बिलिंगचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवते आणि त्यातल्या स्क्रीन आखायचं काम माझं. त्यासाठी मी बिलिंगच्या खुर्चीशेजारी एक स्टूल टाकून बसते. मालकाच्या केबिनमध्ये एसी आहे, चहाही चांगला असतो, पण तिथे बसून काही कळत नाही.

बिलिंगच्या खुर्चीवर बहुधा एखादी ताई असते. सकाळी केमिस्ट लोक दुकान उघडतात, संपत आलेल्या औषधांची यादी करतात आणि मग दुपारपर्यंत इथले फोन थांबत नाहीत. कोणी व्हॉट्सॲपवर हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो टाकतो, कोणी स्कूटरवरून येऊन काउंटरवर उभाच राहतो. ताईचा फोन मानेत दाबलेला, डावा हात चिठ्ठीवर, उजवा कीबोर्डवर. पार्टीचं, म्हणजे माल घेणाऱ्या दुकानाचं, नाव, औषध, बॅच, नग, स्कीम, एंटर. पुढची ओळ. तिची नजर स्क्रीनवर जवळजवळ नसतेच. स्क्रीन तिला बोटांनी पाठ आहे.

आता या बाईपुढे तू तुझी सुंदर, हवेशीर, माऊसने चालणारी स्क्रीन ठेव. एका ओळीसाठी तिला माऊसकडे हात न्यावा लागला की तिची लय गेली. दिवसभरात अशा किती ओळी असतील याचा विचार कर आणि संध्याकाळी तिचं मनगट काय म्हणत असेल याचाही. नवख्याला स्क्रीन पहिल्या दिवशी सोपी वाटली पाहिजे, हे आपल्याला कॉलेजात शिकवलं. पण विक्रीचं सॉफ्टवेअर वापरणारी व्यक्ती एकच दिवस नवखी असते आणि पुढची दहा वर्षं सराईत. सोपेपणा त्या दहा वर्षांच्या मापाने मोजायला हवा.

आपल्याकडे हे फार आधी ओळखलं ते टॅलीने. तुला टॅली म्हणजे कॉमर्सच्या मुलांचा सुट्टीतला कोर्स एवढंच आठवत असेल. पण त्याचा जन्म बघ. १९८६ साली बंगळुरात श्याम सुंदर गोएंकांनी आपल्या मुलाला, भरत गोएंकांना, घरच्या धंद्याचा हिशेब ठेवण्यासाठी प्रोग्रॅम लिहायला लावला. धंदा कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा. बाजारातली तयार पॅकेजेस वडिलांच्या पसंतीला उतरली नव्हती. त्या काळातल्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खात्याला आकड्यांचा कोड द्यावा लागे आणि तो लक्षात ठेवावा लागे. इथे मात्र खातं नावाने उघडायचं, जसं वहीत उघडतात. कंपनीचं नाव तेव्हा प्युट्रॉनिक्स होतं. १९९९ मध्ये ते टॅली सोल्युशन्स झालं आणि २०२० साली भरत गोएंकांना पद्मश्री मिळाली.

दिसायला टॅली कधीच देखणं नव्हतं. पण एफ ८ दाबलं की विक्री, एफ ९ दाबलं की खरेदी, हे भारतातल्या कुठल्याही गावातला अकाउंटंट झोपेत सांगेल. आणि बिल करता करता कळलं की या मालाचं खातंच अजून उघडलेलं नाही, तर बिल अर्धवट टाकून बाहेर पडावं लागत नाही. तिथल्या तिथे ऑल्ट-सी दाबायचं, खातं उघडायचं आणि बिल पुढे न्यायचं. मला ही सोय त्यातल्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा मोठी वाटते. काम जसं घडतं तसं ते सॉफ्टवेअर वाकतं. समोर गिऱ्हाईक उभं असताना "आधी मालाची मास्टर नोंद भरा, मग या" असं सांगणारं सॉफ्टवेअर दुकानात टिकत नाही.

वेगाचं गणितही तुला माहीत आहे. याकोब नील्सनने १९९३ च्या पुस्तकात मांडलेल्या तीन मर्यादा आपण परीक्षेत लिहिल्या होत्या. दशांश सेकंदात उत्तर आलं तर ते लगेच आल्यासारखं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचारांचा धागा तुटत नाही आणि दहा सेकंदांपुढे लक्ष दुसरीकडे जातं. बिलिंगच्या खुर्चीवर यातली फक्त पहिली मर्यादा चालते. ताई स्क्रीनच्या पुढे धावत असते. यादी उघडायच्या आत तिने तीन अक्षरं आणि एंटर दाबून टाकलेलं असतं. सॉफ्टवेअरने ती अक्षरं गिळली किंवा उशिरा उघडलेल्या यादीत भलत्याच औषधावर एंटर बसला, तर चूक कोणाची धरायची? आमच्यात अशी चूक "युजर एरर" म्हणून नोंदवायची पद्धत होती. मी ती मोडीत काढली.

आणि तो "नक्की सेव्ह करायचं का?" विचारणारा चौकोन! प्रत्येक बिलाला तेच विचारलं की आठवड्याभरात बोट आपोआप "हो" म्हणायला शिकतं. मग एखाद्या दिवशी खरोखरच विचारण्यासारखं काही असतं, दहाऐवजी शंभर बॉक्स पडलेले असतात, तेव्हाही बोट "हो"च म्हणतं. म्हणून विचारायचं क्वचित आणि विचारलं तर नेमकं: "या पार्टीने आजवर एका वेळी १२ पेक्षा जास्त बॉक्स घेतलेले नाहीत. १०० बरोबर आहेत?" असा प्रश्न वाचला जातो. बाकी ठिकाणी मुकाट्याने सेव्ह करावं आणि उलटवायची सोय ठेवावी.

आता नावांची गंमत सांगते. पुण्यात "साई मेडिकल" किती असतील? आणि श्री गणेश, ओम, लक्ष्मी, समर्थ? यादीत एकाखाली एक सात "साई मेडिकल" आले की ताई कुठला निवडणार? तिच्या डोक्यात पार्टी नावाने नसतेच. "कोथरूडचे साई", "ते उशिरा पैसे देणारे साई" अशी असते. म्हणून यादीत नावाशेजारी भाग, बाकी आणि शेवटच्या बिलाची तारीख दाखवली की काम झालं. पार्टी कोडचा रकाना आम्ही मागे सारला, कुणाला त्याची आठवणही आली नाही.

त्यात नावं भरलेली रोमन लिपीत, आणि जो भरेल त्याच्या मर्जीप्रमाणे. लक्ष्मी कोणी एक्स घालून लिहितो, कोणी के-एस-एच घालून. श्रीची तर तीन-चार रूपं. यावरचा उपाय शंभर वर्षांपूर्वीचा निघाला. अमेरिकेत रॉबर्ट रसेलने १९१८ साली साउंडेक्स नावाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं आणि पुढच्या व्यंजनांना उच्चाराप्रमाणे आकडे द्यायचे, स्वर सोडून द्यायचे. तिथल्या जनगणनेच्या याद्या लावायला ती पुढे वापरली गेली. करून बघ: आपली लक्ष्मी कशीही लिहिली तरी उत्तर एल-२५० येतं आणि श्रीची सगळी रूपं एस-६०० वर येतात. इंग्रजी आडनावांसाठी केलेली युक्ती सदाशिव पेठेत कामाला आली. सगळ्या मराठी नावांना ती पुरत नाही, ळ आणि ण तिथे बिचारे पोरके होतात, पण ताईची अर्धी शोधाशोध संपली.

औषधांची नावं त्याहून नाजूक. पॅरासिटामॉल ५०० आणि पॅरासिटामॉल ६५० यात फरक आहे तो शेवटच्या तीन आकड्यांत. आणि फोनवर जागा पुरली नाही की आपण काय कापतो? शेपूट! तीन टिंबं देतो आणि मोकळे होतो. म्हणजे जे वाचायलाच हवं तेच नेमकं दिसत नाही. आता आम्ही मिलिग्रॅमचा आकडा वेगळ्या रकान्यात, ठळक आणि नावाच्या आधी दाखवतो. तीच गोष्ट सारख्या दिसणाऱ्या नावांची. हायड्रॉक्सिझिन खाज-ॲलर्जीसाठी, हायड्रॅलाझिन रक्तदाबासाठी, आणि यादीत दोघं शेजारी! अशा जोड्यांतली वेगळी अक्षरं मोठी छापायची पद्धत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ पासून चालवली आहे. नावातला फरक जिथे असेल तिथे नजर जायला हवी, एवढाच तिचा मथितार्थ.

तुझ्या गोदामाकडे येते, पण इथल्या गोदामातून. पुस्तकात लिहिलेलं असतं की ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी काढावा. सॉफ्टवेअर तो नियम तंतोतंत पाळतं आणि बिलावर मार्चची बॅच टाकतं. पण माल काढणारा मुलगा रॅकपुढे उभा असतो. समोर ऑगस्टची बॅच, मार्चची मागे, तीन खोक्यांच्या पलीकडे, आणि टेम्पो दारात हॉर्न वाजवतोय. तो ऑगस्टची उचलतो. बिलावर एक बॅच, खोक्यात दुसरी. कॉम्प्युटरच्या हिशेबात मार्चची संपली, प्रत्यक्षात ती रॅकवर मुदत संपेपर्यंत पडून राहिली. वर्षाअखेरी मालक विचारतो, एवढी एक्सपायरी आली कुठून?

यावर लोक ट्रेनिंग घेतात, फलक लावतात, मुलांना ओरडतात. आम्ही दोन गोष्टी केल्या. माल काढायच्या यादीवर रॅकचा नंबर छापला आणि यादी बिलाच्या क्रमाने न लावता चालण्याच्या वाटेप्रमाणे लावली, म्हणजे मुलगा एकदाच फेरी मारतो आणि मागचं खोकं ओढायला त्याच्याकडे वेळ उरतो. दुसरं म्हणजे चेकिंगच्या टेबलावर बॅच बदलायला एकच बटण ठेवलं, कारण न विचारता, साहेबाची परवानगी न मागता. वेगळी बॅच उचलली तर उचलली, पण निदान खरं लिहिलं जाऊ दे.

तू म्हणशील, बारकोड लावा की. बारकोडचा इतिहास मोठा मोहक आहे खरा. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावात च्युइंगगमचं एक पाकीट स्कॅन झालं आणि दुकानदारीचं जग बदललं. पण त्या पट्ट्या सांगतात ती वस्तू कोणती एवढंच. बॅच आणि मुदत त्यात नसते आणि औषधात जीव त्यातच अडकलेला असतो. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झाला. त्यात बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख असते. बाकीच्या हजारो औषधांवर अजून पाकिटाच्या कडेला ठोकलेली पुसट अक्षरंच आहेत आणि ती वाचायला ताईचे डोळे. तिला बॅच नंबर पूर्ण टाइप करायला न लावता शिल्लक असलेल्या बॅचेसमधून शेवटची तीन अक्षरं ओळखून पुढे जाऊ देणं, हा आजचा खरा बारकोड.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येते: सॉफ्टवेअर माणसांना खोटं बोलायला कसं शिकवतं. मोबाईल नंबरचा रकाना सक्तीचा कर, दहा वेळा नऊ भरलेले सापडतील. स्टॉक कमी-जास्त का झाला त्याची पंचवीस कारणं यादीत दे, सगळे पहिलंच कारण निवडतील आणि रिपोर्टमध्ये उंदीर हा शहरातला सर्वात मोठा चोर ठरेल. उधारीची मर्यादा संपली की बिलच होऊ नये अशी कडी घाल, दुसऱ्या दिवशी "साई मेडिकल २" नावाचं नवं खातं उघडलेलं दिसेल. मालक स्वतःच फोन करून सांगतो, "जुनी पार्टी आहे गं, दे माल." मग ताईने काय करावं? खातं दुभंगलं की बाकी दुभंगते आणि वसुलीला गेलेल्या माणसाच्या हातात अर्धाच आकडा पडतो.

म्हणून अडवणं आणि सावध करणं यांत मी काटेकोर फरक करते. घाऊक विक्रेत्याला परवाना नसलेल्या दुकानाला औषध विकता येत नाही. पार्टीचा परवाना वैध राहिलेला नसेल तर बिल अडलंच पाहिजे आणि तेही महिनाभर आधीपासून आठवण दिल्यावर. मुदत संपलेली बॅच विकायला निघालं कोणी, तर तिथेही कडी हवीच. उधारीची मर्यादा मात्र मालकाचा निर्णय आहे. तिथे मालकाच्या फोनवर एक ओळ जावी, त्याने "दे" म्हणावं आणि त्याच्या नावाने नोंद राहावी. कायद्याच्या जागी कडी, मर्जीच्या जागी नोंद. हा भेद न पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाटा पडतातच.

खोट्या आकड्यांची किंमत किती होते, याचं उदाहरण तुला कॅनडातलं देते. टार्गेट या अमेरिकन कंपनीने मार्च २०१३ मध्ये कॅनडात दुकानं उघडायला सुरुवात केली. जानेवारी २०१५ मध्ये, दोन वर्षंही पुरी व्हायच्या आत, १३३ दुकानं बंद करायची घोषणा झाली. गोदामं मालाने ओसंडलेली आणि दुकानातल्या फळ्या रिकाम्या! २०१६ साली कॅनेडियन बिझनेस या मासिकात याची सविस्तर हकिगत आली. सॉफ्टवेअर नवं, वेळ अपुरा, आणि हजारो वस्तूंची माहिती भरायला बसवलेली बहुतेक मुलं अननुभवी. कुठे इंचांच्या जागी सेंटीमीटर, कुठे लांबी-रुंदी उलटी, कुठे चलन चुकलेलं. त्या हकिगतीप्रमाणे अमेरिकेतल्या त्यांच्या माहितीत ९८-९९ टक्के नोंदी बरोबर असत, कॅनडात तपासलं तर जेमतेम ३० टक्के. पुढचं वाचून तर मी कपाळाला हात लावला. माल संपल्याचा ठपका आपल्यावर येऊ नये म्हणून काहीजण त्या वस्तूची आपोआप मागणी जाण्याची सोयच बंद करून ठेवत. रिपोर्टमध्ये सगळं छान दिसे, फळी रिकामी राही. रकान्यात काहीही भरलं तरी मुकाट घेणारी स्क्रीन आणि माणसाला आकड्यांवरून झोडपणारा रिपोर्ट, ही जोडी कोणालाही बुडवेल.

तुझ्या शेजारचंच उदाहरण लिडल या दुकानसाखळीचं. त्यांचं नेकारसुल्म तुझ्यापासून किती दूर? लिडलने २०११ पासून तुमच्या वॉलडॉर्फच्या एसएपी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर नवी मालव्यवस्था उभी करायला घेतली आणि २०१८ मध्ये ती सोडून दिली. बातम्यांत खर्चाचा आकडा सुमारे ५० कोटी युरो आला. कारणांमध्ये एक ठळक होतं. लिडल आपल्या साठ्याची किंमत खरेदीच्या भावाने लावत असे, तयार सॉफ्टवेअर विक्रीच्या भावाने लावत होतं. सवय बदलायची नाही म्हणून सॉफ्टवेअरला ठिगळं लावत गेले. यातून दोन्ही बाजूंचे वकील आपापला मुद्दा काढतात: धंद्याने वाकावं की सॉफ्टवेअरने? माझं मत सांगू? बोटांच्या सवयीपुढे सॉफ्टवेअरने वाकावं आणि हिशेबाच्या पद्धतीचा निकाल पहिली ओळ लिहायच्या आधी लावावा. तो सात वर्षं लांबवला की ठिगळंच उरतात.

पाया नीट आखला तर वादळही निभावतं. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. त्या दिवशी बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आणि ३३ जीवरक्षक औषधांवरचा शून्य झाला. निर्णय ३ सप्टेंबरचा, म्हणजे हातात तीन आठवडेसुद्धा नाहीत. ज्या सॉफ्टवेअरमध्ये कराचा दर वस्तूला एकच आकडा म्हणून चिकटवलेला होता, तिथे पंचाईत. दर बदलला की जुनी बिलं पुन्हा छापताना नव्या दराने यायची भीती. आधी १२ टक्क्यांनी विकलेला माल नंतर परत आला तर त्या बिलावरच्या क्रेडिट नोटला जुनाच दर लागतो. दराला "कधीपासून" ही तारीख जोडलेली असली की हे सगळं निमूट होतं. ताईला त्या दिवशी स्क्रीनवर एकच नवी गोष्ट दिसली: जुन्या एमआरपीच्या बॅचशेजारी "सुधारित भाव" अशी खूण. तिने नेहमीसारखी बिलं केली आणि घटाला फुलं आणायला वेळेवर निघाली. आपल्या कामाची याहून मोठी शाबासकी मला नको.

फिरतीवरच्या मुलांबद्दलही लिहायचं आहे, पण थोडक्यात लिहिते. स्टॉकिस्टचा सेल्समन भोर-वेल्ह्याकडे गेला की नेटवर्क जातं. ऑर्डर फोनमध्येच साठली पाहिजे आणि रेंज आली की आपोआप गेली पाहिजे, हे उघड आहे. अवघड आहे ते शिल्लक दाखवणं. फोनवरचा "४० बॉक्स" हा आकडा सकाळचा असतो, तोवर पेठेत ताईने त्यातले ३५ विकलेले असतात. तो आकडा ताजा असल्याचा आव आणला की मुलगा केमिस्टला शब्द देऊन बसतो आणि तोंडघशी पडतो. "सकाळी ९ ची शिल्लक ४०" एवढं लिहिलं की तो स्वतःच सांभाळून बोलतो. माणसं हुशार असतात गं, त्यांना खरी परिस्थिती तेवढी सांगावी.

राहिला मालकाचा डॅशबोर्ड. तोही हवाच, पगार तोच देतो. पण मालकाला सकाळी चहाबरोबर काय हवं असतं? आज कोणता माल मागवायचा, कोणाकडून पैसे यायचेत आणि पुढच्या तीन महिन्यांत काय एक्सपायर होणार. तीन याद्या. बाकीची वर्तुळं तो पाहुण्यांना दाखवायला ठेवतो. आणि या तीनही याद्या खऱ्या असतील तर त्या ताईच्या बोटांमुळे आणि त्या मुलाच्या बॅचच्या बटणामुळे. मला या धंद्यात जे काही उमगलं ते एवढंच: ज्याच्या हातून आकडा आत जातो त्याला तो नीट भरणं सोपं आणि फायद्याचं नसेल, तर वर दिसणारा प्रत्येक आकडा खोटा असतो, मग तो कितीही देखण्या वर्तुळात बसवा.

तर बाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गोदामवाल्यांना ट्रेनिंग देऊ नकोस. आधी संध्याकाळी सगळं एकदम भरणाऱ्या त्या माणसाच्या शेजारी बस, तेही महिनाअखेरच्या गर्दीत. "स्क्रीन कशी वाटते?" असं विचारलंस तर तो भिडेखातर "छान" म्हणेल, जर्मन असला तरी. त्यापेक्षा त्याच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाच. कोड, शॉर्टकट, "हे बटण दाबू नये" असल्या सूचना. तुमच्या सॉफ्टवेअरच्या दोषांची तेवढी प्रामाणिक यादी तुला कुठल्याच सर्व्हेत मिळायची नाही. आणि त्याचा तो कागद मागून घे. त्यावर त्याने कुठले रकाने आखलेत, कुठल्या क्रमाने, काय गाळलंय, ते बघ. तुझी नवी स्क्रीन त्यानेच आखून ठेवलेली आहे.

त्या कागदाचा फोटो मला पाठव. पुढच्या पत्रात डॅशबोर्डचं वर्णन नको, तो माणूस संध्याकाळी किती वाजता घरी जायला लागला ते लिही.

तुझी,
सदाशिवपेठी